बिलावरचं नाव

पहिल्याच फटक्यात स्नेहलचा डावा खांदा निखळला. घरात घुसलेल्या दोघांपैकी रॉडवाल्याने ओट्यावरचा जुना फोन उचलून तिच्या तोंडासमोर धरला.

"बिल ओवीच्या नावावर आहे. तिच्यापायी कंपनीला सर्व्हर बंद करता येईना. ओवी कोण?"

फोनचं बिल ज्याच्या नावावर, तो जिवंत असेपर्यंत कंपनीने अपडेट द्यायचे, असा कायदा आला त्याच वर्षी ओवीचं बारसं झालं. "पोरीच्याच नावावर घेऊ, जन्माची काळजी मिटली," नवरा मोठ्या हुशारीने म्हणाला होता. यंदा या मॉडेलचे ग्राहक पटापट मरू लागले. कुणी गच्चीवरून पडलं, कुणी ट्रकखाली आलं. आज सकाळच्या अपडेटबरोबर निरोप आला होता, 'या मॉडेलचे आपण शेवटचे ग्राहक आहात. अभिनंदन!'

स्नेहलने उजव्या हाताने खलातला बत्ता उचलला आणि जीव खाऊन हाणला. रॉडवाल्याचा जबडा काडकन मोडला, तो खाली बसला. त्याच्या जोडीदाराने तिचे केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं.

"ओवी कोण?"

"मीच."

त्याने सुरा उपसला. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "आई, दार उघड ना! किती वेळ?"

सुरा थबकला. "पोरगी तुझी? नाव काय तिचं?"

रक्ताने भरलेल्या तोंडाने आईने लेकीचं दुसऱ्यांदा बारसं केलं.

"स्नेहल," ती म्हणाली.