नऊ

“गाणारा पाळणा रोज लावू नका हं, लेकरू त्याचंच होऊन बसेल,” असं दवाखान्यातून घरी सोडताना दिवेकर सिस्टर म्हणाल्या होत्या. केतकीने ते हसण्यावारी नेलं होतं.

पाळणा अंगाई गात नसे, आकडे गायचा. एक चार दोन आठ पाच सात, मग फेरीफेरीने याच संख्येचे सातपर्यंतचे गुणाकार. या संख्येला दोनने गुणलं तरी तेच सहा आकडे फिरून पुढेमागे होतात. तीन, चार, पाच, सहानेही तेच. सातने गुणलं की मात्र सहाही नऊ. ते नऊ कानावर पडले की दहा महिन्यांची रेवा खुदकन हसून डोळे मिटायची.

“सवत असल्यासारखी बघतेस पाळण्याकडे,” नवरा चिडवायचा.

दोन महिने केतकी लेकीला ‘आई’ म्हणायला शिकवत होती. काल दुपारी रेवा पहिला शब्द बोलली, “नऊ.” तोही पाळण्याकडे बघून.

केतकीने तडक पाळणा बंद केला, रेवाला मांडीवर घेतलं आणि तेच आकडे स्वतः गायला लागली. पाचच्या फेरीला तिचे दोन आकडे उलटे पडले. रेवाच्या कपाळावर आठी उमटली. तिने मुक्या पाळण्याकडे दोन्ही हात पसरले.

केतकीने तिला पाळण्यात ठेवलं आणि बटण दाबलं.

तुमच्याही घरी असा पाळणा असेल, तर आत्ताच आत जा आणि बघून या, तुमचं बाळ कुणाची वाट बघतंय.