फ्रिजची किल्ली

रविवारी सकाळी नवाच्या सुमारास ताईने आईच्या कपाटाची झडती घेतली. शाळेत मुलांची दप्तरं तपासावीत तशी, वरच्या फळीपासून, घड्या न मोडता. स्वेटरांच्या मागून बिस्किटांचा डबा निघाला.

"हे काय?"

"तुझ्या मुलांसाठी आणलाय," पलंगाच्या कडेला बसलेली आई म्हणाली. "उघडलेला नाही. बघ."

ताईने डबा उलटापालटा केला, झाकणाची चिकटपट्टी नखाने तपासली. ती कुठेच सुटलेली नव्हती. तरी तिने डबा काखेत मारला.

आदल्या दिवशी आईचा रिपोर्ट आला होता. साखर पुन्हा चढली होती. दर आठवड्याला इंजेक्शन चालू असताना ती चढायचं डॉक्टरांना एकच कारण दिसत होतं. "बाई, तोंड आवरा," असं ते केबिनच्या दारात, बाहेर बसलेल्या सगळ्यांच्या देखत म्हणाले होते. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम दिसू लागलाय, असंच चाललं तर नजर जाईल, हेही ते म्हणाले होते. आईच्या मनाला मात्र पहिलं वाक्यच लागलं होतं.

"आई, खरं सांग. मी रागावणार नाही."

"रागावलीच आहेस की."

"आई."

"मी काही खात नाही गं," आई म्हणाली. "स्वयंपाक करताना चाखण्यात जात असेल. म्हणून आता चाखायचंही सोडलंय."

"तरीच कालच्या भाजीत मीठ नव्हतं. मला वाटलं, मलाच ताप आलाय," ताई म्हणाली.

दारात धाकटा भाऊ उभा होता. तो बँकेत काउंटरवर बसायचा. घरात त्याला लहानपणापासून ढब्बू म्हणत. आता त्याच्या पट्ट्याचं टोक कमरेला वळसा घालून मागे पोचत होतं.

"याला बघ," ताई म्हणाली. "एका घरात वाढलो, एकाच हातचं खाल्लं. मी नुसत्या वाऱ्याने फुगते, आणि याला आता ढब्बू म्हणायचीही सोय राहिली नाही. काय केलंस ते सांग तरी हिला."

"काही नाही. रात्रीचं जेवण सोडलं."

"ऐकलंस? मनावर घेतलं की होतं. याचं बघून मीही सोडलंय. डोकं ठणकतं, वजनाचा काटा जागचा हलत नाही, पण सोडलंय."

ढब्बू दाराच्या कडीशी चाळा करत राहिला.

"आमच्या माहेरी सगळेच असे," आई हळूच म्हणाली. "माझी आई तर एक वेळ जेवायची, तरी—"

"आता आजीवर नको ढकलूस."

आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवरच्या वाटीतून एक किल्ली काढली. फ्रिज घरात आल्यापासून ती कधी कोणी वापरली नव्हती. आईने ती मागोमाग आलेल्या ढब्बूच्या हातावर ठेवली.

"कुलूप लावत जा. किल्ली तुझ्याकडे ठेव."

"आई, असं काय करतेस?"

"झोपेत उठून खात असेन तर मला काय कळणार? तुझा तुझ्यावर ताबा आहे. तूच ठेव."

त्याने किल्ली खिशात टाकली.

फ्रिजच्या दारातल्या खणात, लोण्याच्या डब्याशेजारी, आईचं इंजेक्शनचं पेन होतं, साखर उतरवणारं आणि भूक मारून वजनही उतरवणारं. टोकाची चकती फिरवली की छोट्या खिडकीत डोसचा आकडा सरकायचा. तो आईला दिसत नसे, म्हणून दर रविवारी इंजेक्शन ढब्बूच द्यायचा. गेले काही महिने तो आईला अर्धाच डोस देत होता. उरलेला अर्धा, सुई बदलून, बाथरूमची कडी लावून, स्वतःला टोचून घेत होता.

त्याआधी एकदा तो हेच इंजेक्शन स्वतःसाठी मागायला डॉक्टरांकडे गेला होता. बाहेरच्या बाकावर बँकेतली एक बाई भेटली. "आज इकडे कुठे?" तिने विचारलं. "आईचा रिपोर्ट न्यायला आलोय," तो म्हणाला आणि नंबर लागायच्या आत घरी परतला.

ताई फोन घेऊन गॅलरीत गेली.

आई खुर्चीवर बसली, पोटावरचा कपडा तिने बाजूला केला आणि नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. ढब्बूने फ्रिजमधून पेन आणलं, सुई बसवली, कापसाने आईचं पोट पुसलं.

"आज दुखलं तरी चालेल," आई म्हणाली. "दुखू दे जरा. म्हणजे लक्षात राहील."

त्याने चकती फिरवायला घेतली. टक, टक, टक. अर्ध्यावर, दर रविवारच्या सवयीने, त्याचा अंगठा थांबला.

गॅलरीतून ताईचा आवाज येत होता. ती नवऱ्याला सांगत होती, "कारण सापडलं. कपाटात बिस्किटं लपवली होती. नाही, कबूल कुठे करतेय. बिचारीला लाज वाटते."

"झालं का रे?" आईने डोळे न उघडता विचारलं.

चकती अजून अर्ध्यावरच होती.