मे महिन्यातला हीटर

"हात लाव! लाव ना! ही हवा गरम आहे?"

हरिश्चंद्रांनी रोशन मेकॅनिकचं मनगट धरून डॅशबोर्डच्या जाळीपाशी नेलं. हीटर फुल्ल, आणि हवा बाहेरच्याइतकीच, त्याहून जराही गरम नाही. आणि हे भांडण मे महिन्यात, मीरा रोडच्या नया नगरातल्या त्या गॅरेजसमोर, जिथे नुसतं उभं राहिलं तरी टाळू तापत होती.

शेजारच्या सीटवर सुचेताबाई शाल गुंडाळून बसल्या होत्या. ठाण्याहून डायलिसिस करून निघाल्या की त्यांना अशी हुडहुडी भरायची की दात वाजायचे. म्हणून हरिश्चंद्र काचा बंद करायचे, हीटर लावायचे आणि गळ्यात नॅपकिन टाकून, घामाने निथळत गाडी हाकायचे. लोक हसायचे. हसू देत! बायकोसाठी एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं, आणि या गाढवाने तेही बिघडवून ठेवलं.

"कूलंट भरलेलं आहे. फॅन फिरतोय. घोडबंदर रोडला चेण्याजवळ कुत्रं आडवं आलं, गाडी डिव्हायडरला घासली, म्हणून पत्र्याचं काम करायला तुझ्याकडे दिली. दिली तेव्हा हीटर चालू होता. काय केलंस?"

"काका, इकडे हीटर लावतो कोण..."

"मी लावतो!"

त्यांनी तिरिमिरीत बॉनेट उघडलं. इंजिनाचं गरम पाणी हीटरला नेणारे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडले होते. वर नवीकोरी क्लिप. इकडची ही जुनीच रीत. हीटर गळायला लागला की पाइप बायपास करायचे आणि मोकळं व्हायचं. पण यांचा हीटर गळत नव्हता!

"अहो, चला ना," आतून सुचेताबाई म्हणाल्या. "स्वप्नालीने शेवग्याच्या शेंगा आणायला सांगितल्यात."

सुनेच्या शेंगा! हरिश्चंद्रांचं डोकं आणखीच भडकलं. पूर्वी ही डायलिसिसनंतर डोळे मिटून पडून राहायची. हल्ली कुडकुडत का होईना, ठाण्यापासून मीरा रोडपर्यंत तोंड बंद नाही. किती वेळा सांगितलं, अगं आराम कर. ऐकेल तर शपथ!

"लाज नाही वाटत?" ते रोशनवर ओरडले. "आजारी बाई आहे गाडीत! कुणाला विचारून पाइप काढलेस?"

रोशनने एकदा गाडीकडे पाहिलं. "काकूंनीच फोन केला होता. बोलल्या, काकांना सांगू नको."

हरिश्चंद्र ताडताड खिडकीशी गेले. "तू? थंडीने मरायचंय का तुला?"

सुचेताबाईंनी काच खाली केली. ओठ निळसर पडले होते, पण आवाज चांगलाच तापलेला होता.

"ओरडू नका. माझी थंडी घरी जाऊन गोधडीत जाते. चेण्याला कुत्रं नव्हतं, हो. तुमचे डोळे मिटले होते. त्या भट्टीत बसून डुलकी लागते तुम्हाला."

"काहीतरी बोलू नकोस! आणि तसं होतं तर मला सांगायचं!"

"सांगून तुम्ही हीटर बंद केला असतात? आणि दात वाजत असताना मी रस्ताभर बडबड कशाला करते, वाटतं तुम्हाला?"