चौथी बाजू

कोर्टाच्या आठवड्यात अमेरिकेतल्या वरमाँटमधल्या त्या सराईत पाय ठेवायला जागा नसे. कोर्टात एकमेकांच्या उरावर बसणारे वकील रात्री एकाच खाटेवर झोपत आणि सकाळी एकाच पातेल्यातली मक्याची पेज ओरपत. त्यामुळे कीझायाबाई आत आल्या तेव्हा त्यांचा वकील, लेम्युएल हॅच, त्यांच्या दिराच्या वकिलाला खेटून बसला होता. ते वकील म्हणजे थॉर्पसाहेब. तीन वर्षं लेम्युएल त्यांच्याच हाताखाली शिकला होता, आणि हा त्याचा पहिलाच खटला.

बाई दारातच थांबल्या. नवरा गेल्यावर दिराने घर आणि शेत दोन्ही बळकावलं होतं. मुलांना घेऊन त्या शेजाऱ्याच्या गोठ्यात राहत होत्या. आज दावा फेटाळला तर पुढचं कोर्ट सहा महिन्यांनी, आणि मध्ये अख्खा हिवाळा. त्यांनी दाव्याचा कागद पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितला.

लेम्युएलने वाचला. उत्तरेला दिराचं कुंपण, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला मेपलची राई.

“आणि दक्षिणेचा ओढा?”

“बाई, दावा असाच लिहितात.”

थॉर्पसाहेबांचा चमचा पातेल्यातच थांबला. मान मात्र वर झाली नाही.

लेम्युएलने कागदावरच्या बाजू बोटाने मोजल्या; तीनच होत्या. दाव्याचा नमुना त्याने साहेबांच्या वहीतून उतरवून घेतला होता, सगळेच शिकाऊ वकील घेतात तसा. इंग्रजांच्या राजाचं राज्य गेलं, वह्या त्याच राहिल्या. त्या नमुन्यात तीन जागा मोकळ्या होत्या, त्याने तीन भरल्या.

“साहेब, तुमच्या वहीत चौथी बाजू नव्हती.”

“माझ्या गुरूंच्याही नव्हती. पहिला खटला हरलो तेव्हा कळलं.”

“मग वहीत का नाही लिहिलीत?”

“मला कोणी लिहून दिली होती?”

दावा दाखल झालेला होता. आता त्यात एक अक्षर घालता येत नव्हतं, आणि जमिनीच्या चारही बाजू नसलेला अपुरा दावा न्यायाधीश ऐकूनही घेत नसत.

“ओढ्याचं मी आधीही दोनदा विचारलं होतं,” कीझायाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, म्हणून लेम्युएलला जास्तच लागलं.

कोर्टाची घंटा झाली. थॉर्पसाहेब तोंड पुसून उठले. लेम्युएलही उठला आणि तीन वर्षांच्या सवयीने त्यांची पिशवी उचलून खांद्याला लावली. दारात पोचल्यावर ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने मागे पाहिलं. बाकावर राहिलेला त्याचा कागद घेऊन कीझायाबाई येत होत्या.