गिरजाच्या नावानं

“पासवर्ड काढून टाकायचा का?” कंप्युटर विचारत होता आणि अमरचं बोट माउसवर अडून बसलं होतं. पडद्यावर एकच नाव उरलं होतं, गिरजाचं. नेमके त्याच वेळी गिरजाचे वडील इस्तारीभाऊ दारात चपला काढत होते.

बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी इस्तारीभाऊ मच्छीमार संस्थेच्या या ऑफिसात येणार म्हणजे येणारच. कंप्युटरसमोर उभं राहायचं आणि मॅनेजर असलेल्या अमरला एकच गोष्ट विचारायची, “आली होती का माही पोरगी?”

गिरजा इथंच काम करायची. पावसाळ्यात वैनगंगा फुगलेली असताना तिचा डोंगा उलटला. बाकीचे कसेबसे काठाला लागले, गिरजा लागली नाही. ज्या नदीत इस्तारीभाऊंनी उभा जन्म मासे धरले, तिथंच त्यांनी पोरीसाठी जाळं टाकलं. जाळ्यात तिची ओढणी तेवढी आली.

देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गावानं तेच सुचवलं आणि इस्तारीभाऊ तयारही झाले. त्याआधी पोरीचा ऑफिसात राहिलेला डबा न्यायला म्हणून ते इथं आले आणि सगळा घोटाळा झाला. पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘स्वागत आहे, गिरजा. शेवटची हजेरी: आज.’ त्यांनी अक्षर अक्षर लावत ते वाचलं. “हे आजचं हाये का?” त्यांनी विचारलं. कंप्युटरवर बसलेली रिंकू गांगरली आणि हो म्हणाली.

तसं पाहिलं तर खोटं कुणीच बोललं नव्हतं, कंप्युटरसुद्धा. तो बिचारा एकटा आणि वापरणारे तिघे. त्यात रिंकूला आपला पासवर्ड कधी आठवायचा नाही. शेवटी गिरजानंच स्वतःचा त्यात सेव्ह करून टाकला. “याद ठेवाचं लफडंच नको वो बाई, माह्या नावानं कर काम,” असं हसत म्हणाली होती. तेव्हापासून रिंकू काय आणि अमर काय, सकाळी आल्या आल्या तिच्याच नावावर क्लिक करून मासळीची आवक चढवायचे. ती गेल्यावरही हात सवयीनं तिकडेच जात राहिला.

इस्तारीभाऊंनी मग पुतळा करूच दिला नाही. “तिची हजेरी लागून राह्यली ना तिथी,” ते म्हणायचे. “जित्या पोरीले आग देऊ काय?” म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं गाव म्हणू लागलं. दर बाजाराला अमर ठरवायचा, आज खरं सांगून टाकू. आणि दर बाजाराला त्याच्या तोंडून निघायचं, “हो भाऊ, आली होती.” ते ऐकून म्हातारा पुढच्या बाजारापर्यंत जगायचा. तेवढं त्याच्याकडून काढून घ्यायला अमरची जीभ रेटत नव्हती.

आता जिल्ह्याहून हुकूम आला होता. सगळ्यांच्या वापरातल्या कंप्युटरवर कुणाचाही पासवर्ड सेव्ह ठेवायचा नाही, ज्यानं त्यानं आपापला टाकायचा. कुठल्याशा संस्थेत एकाच्या नावावर दुसऱ्यानं भलत्याच नोंदी केल्या होत्या म्हणे. हुकूम रास्त होता. त्याला नावं ठेवायची सोय नव्हती, हेच अमरला जास्त लागत होतं. गिरजाचा पासवर्ड दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता. एकदा काढला की तिची हजेरी पुन्हा कधी लागणार नव्हती.

“आली होती का, बापू?” इस्तारीभाऊंनी विचारलं.

अमर उठून उभा राहिला. “भाऊ, ते गिरजा नोयती. आमीच तिच्या नावानं काम करून राह्यलो होतो. तिचा पासवर्ड याच्यात सेव्ह होता. आता तो काढा लागते.”

रिंकूनं तोंडाला ओढणी लावली. म्हातारा आता कोसळतो, असंच दोघांना वाटलं. पण इस्तारीभाऊ सावकाश पोरीच्या खुर्चीवर बसले.

“मले मालूम हाये,” ते म्हणाले. “नदीनं नेलेलं मानूस मले समजत नाई काय?”

“मंग काऊन येत होते, भाऊ?”

“घरी तिचं नाव काढलं का तिच्या मायची दातखीळ बसते. म्हनून घरी कोनी नाव घेत नाई. गावात बी नाई. इथी तुमी रोज घेत होते. ज्याचं नाव रोज कोनी घेते, त्याले आग कशी देऊ?”

अमरला रडू आवरेना. इस्तारीभाऊ पडद्यावरचं नाव पाहत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला.

“कुठी दाबा लागते?”

अमरनं त्यांचा हात माउसवर ठेवला. जाळं ओढून ओढून चरे पडलेलं ते बोट दाबलं गेलं. नाव गेलं. त्या जागी रिकामी चौकट राहिली. इस्तारीभाऊंनी तिला हात जोडले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

“सकाळी घरी येजो बापू,” ते म्हणाले, “पळसाची पानं तोडा लागतीन.”