रुंद पिनेचा प्रिंटर

औंढ्यात त्या सकाळी निलेशच्या लेकीचं बारसं होतं, आणि स्वागताची लांबलचक पट्टी त्याला आबांच्या प्रिंटरवरच छापायची होती. आबा, म्हणजे त्याचे वडील हौशीराम, दूध डेअरीत बसायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण याच प्रिंटरवर प्रत्येक पावतीखाली ते छापायचे ती ‘उद्या लवकर या’ ही ओळ गावाला अजून पाठ होती.

नव्या लॅपटॉपला जुन्या प्रिंटरची रुंद पिन बसेना. निलेशनं आधीच मागवून ठेवलेली कन्व्हर्टर केबल जोडली, आणि प्रिंटर कर्र कर्र बोलायला लागला तसं अख्खं घर हसलं.

“आबाच आल्यागत वाटतंय,” सारिका म्हणाली. ती बाळाची आत्या. नाव तिनंच ठेवायचं होतं, आणि आठ दिवस ते तिनं पोटात ठेवलं होतं.

पट्टी निघाली. निलेशनं केबल काढून गुंडाळली.

प्रिंटर पुन्हा कर्र कर्र करू लागला.

कागद सावकाश वर आला. त्यावर एकच नाव होतं, ‘दुर्वा’.

सारिकाच्या हातातली घुगऱ्यांची वाटी तशीच राहिली. “दादा, ह्येच हाय. पर मी कुणालाच बोलले न्हाई.”

निलेशनं हातातल्या केबलकडं पाहिलं. तेवढ्यात नावाखाली, पावतीवर आबांची ती ओळ असायची तिथंच, नवी ओळ उमटली. त्यानं ती मोठ्यानं वाचली.

‘मी येईस्तोवर थांबा. निघालोय.’

त्याची आई रतनबाई गालात हसली. तिनं पदर सारखा केला, आणि पाव्हण्यांच्या चपलांचा ढीग सारून उंबऱ्यातली वाट मोकळी केली.