कुर्माघराची वाट

"मी बाहेरची झाली," रंजीता फाटकापाशी म्हणाली.

पहाऱ्यावरचा प्रणित दोन पावलं मागं सरकला. फाटक त्यानं लांब काठीनं ढकललं. तिची सावलीसुद्धा त्याला अंगावर नको होती. दुपारी तिला दसरूच्या घरात घालायचं ठरलं होतं. नवरा तापानं जाऊन महिना झाला नव्हता, पण दसरू गावावर हुकूम चालवणाऱ्या नानाजीचा भाऊ. तिला कोणी विचारलं नाही. आता पाच दिवस तरी तो हात लावणार नव्हता.

ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या थंड पडल्या त्याला चार वर्षं झाली. वीज गेली, दवाखाने गेले, सरकार गेलं. साथीत अर्धी माणसं गेली. उरलेल्या पुरुषांनी वाचवलं काय? एक बंदूक आणि कुर्माघर. पाळी आलेल्या बाईनं पाच दिवस पडून राहायची ती झोपडी कधीच मोडकळीस आली होती. यांनी ती नव्यानं शाकारली. गावाभोवती बांबूचं उंच कुंपण घातलं, वाघासाठी म्हणे. रीता न विचारता बाहेर गेली, तर कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिचा पाय मोडला. वाघ कोण, ते त्या दिवशी बायांना कळलं. कुर्माघर मात्र कुंपणाबाहेरच ठेवलं. विटाळ गावात कशाला? वाघानं एखादी नेली तर नेली.

रंजीतामागून हर्षा आली. "मी बी." मग लंगडत रीता. आज साथ आली का काय, म्हणून प्रणित हसला. मग त्यानं रांग पाहिली आणि त्याचं हसू विझलं. गावातल्या एकूणएक बाया. कडेवर पोरी, डोक्यावर गाठोडी. अडवायचं तर शिवावं लागणार. त्यानं नानाजीला हाका मारल्या.

नानाजी बंदूक घेऊन धावत आला, तोवर आत एकच उरली होती. रुखमाबाई, त्याची माय. सत्तरीची. त्यानं बंदूक आडवी धरून वाट अडवली.

"माय, तुह्यं त बंद होऊन वीस वर्सं झाले."

"मंग हात लावून पाह्य."

नानाजीचा हात उठला नाही. बाहेरचीला शिवलं तर शिकार मिळत नाही, हत्याराला तिचा हात लागला तर नेम कायमचा जातो, हे त्याला लहानपणी मायनंच शिकवलं होतं.

रंजीता बाहेरून बघत होती. म्हातारी राहिली मागं, तिला वाटलं. गाव कायमचं सोडायचं म्हणून कुर्माघराच्या भुईत दर पाळीला मूठमूठ बियाणं आणि एकेक विळा पुरायला म्हातारीनंच सांगितलं होतं.

रुखमाबाईनं सावकाश हात पुढं केला आणि बंदुकीच्या नळीवर ठेवला.

निखारा धरल्यासारखी नानाजीनं बंदूक टाकली.

म्हातारीनं ती उचलली, खांद्याला लावली आणि फाटक ओलांडलं.

"विटाळली आता हे," ती म्हणाली. "आमच्यापाशीच राहील."